जावई नेमकं काय करतात

पाटीवर त्याचं नाव नव्हतं.

मी ती पाटी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. पितळी अक्षरांत सगळ्या डॉक्टरांची नावं होती, नावांपुढं डिग्र्या होत्या. हृदयाचे डॉक्टर होते, भूल देणारे होते, आठवड्यातून एकदा येणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईसुद्धा होत्या. सुजय माळवदे कुठंच नव्हता. आणि ज्याचं नाव पाटीवर नव्हतं तो माझ्या डोळ्यांसमोर पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून, एका म्हातारीचं मनगट धरून उभा होता.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो आणि पेपर तोंडासमोर धरला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी एस.टी.तून नुकताच निवृत्त झालो होतो. जन्मभर तिकीट तपासनीस होतो, त्यामुळं माणसावर सरळ विश्वास ठेवायची सवय मला कधी लागलीच नाही. गाडीत चढल्यावर मी आधी तिकिटं बघत नसे, चेहरे बघायचो. ज्याच्याकडं तिकीट असतं तो विचारायच्या आधीच खिशात हात घालतो. ज्याच्याकडं नसतं त्याला एकाएकी खिडकीबाहेरचा ऊस बघावासा वाटतो. बायको म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी देवाकडं तिकीट मागाल.

सुजय माळवदे म्हणजे माझ्या भाचीचा, रेवतीचा, नियोजित नवरा. साखरपुडा झाला होता, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. रेवतीचं आधी एकदा ठरून मोडलं होतं. त्या लोकांना म्हणे टेलरिंगच्या दुकानाशी सोयरीक नको होती, आणि हे त्यांना साखरपुडा झाल्यावर आठवलं. त्यानंतर वर्षभर पोरगी शाळेत शिकवायला जायची, घरी यायची आणि खोलीत बसायची. कुणाच्या लग्नाला गेली नाही, हळदीकुंकवाला गेली नाही. मला मूलबाळ नाही, रेवतीच काय ती माझी. आता दुसऱ्यांदा काही झालं तर ती उठून उभी राहायची नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून स्थळाची चौकशी मी माझी माझी करायची ठरवली आणि कुणाला न सांगता कोल्हापुरातल्या या दवाखान्यात येऊन बसलो.

संशय आला तो साखरपुड्यातच. माझे दाजी, म्हणजे रेवतीचे वडील रंगराव पिसे, कागलात त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. स्थळ आल्यापासून ते गावभर सांगत फिरत होते, जावई डॉक्टर, हृदयाचा. साखरपुड्याच्या पंगतीत दाजींचे थोरले भाऊ तात्या मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "जावईबापू, जेवल्यावर छातीत लई जळजळतंय. कुठली गोळी घेऊ?"

तात्यांचा स्वतःचा जावई पुण्यात डॉक्टर आहे. तो तर गोळीचं नाव लगेच सांगतो, पंगतीत न विचारताही सांगतो.

सुजय म्हणाला, "तात्या, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

लोक हसले. पोरगा विनयशील आहे म्हणाले. मी हसलो नाही. डॉक्टर माणूस दुसऱ्याला डॉक्टरकडं जा म्हणतो, हे काही मला पटेना. शिवाय बोलून झाल्यावर त्यानं दाजींकडं बघितलं होतं, आणि दाजींनी त्याच क्षणी वाढप्याला जिलेबी आणायला पिटाळलं होतं.

"काका, नंबर लावलाय का?"

मी पेपर खाली घेतला. निळ्या कपड्यातल्या एक चाळिशीच्या बाई समोर उभ्या होत्या. खिशावर नाव होतं, शैला देवकुळे.

"नाही, मी नुसता बसलोय."

"नुसतं बसायला स्टँड आहे की पलीकडं."

एस.टी.चा स्टँड मला दाखवणारी बाई पहिल्यांदाच भेटत होती. मी आवाज खाली आणून विचारलं, "ते तिथं आहेत ते डॉक्टर माळवदे ना?"

"माळवदे आहेत. डॉक्टर नाहीत."

अंदाज खरा ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

"मग कोण आहेत? कंपाउंडर?"

"कंपाउंडरनं बायपासच्या ऑपरेशनला हृदयाला जोडायची पायातली शीर काढून दिलेली बघितली आहे का कधी?" बाई जरा चिडल्या. "फिजिशियन असिस्टंट आहेत ते. बारावी सायन्सनंतर चार वर्षांचं शिक्षण, त्यातलं शेवटचं वर्ष पुरतं दवाखान्यात. पेशंटची सगळी माहिती घेतात, तपासतात, सरांना सांगतात. ऑपरेशनला सरांच्या समोर उभे असतात. पण औषध काय द्यायचं ते सर ठरवणार, सही सरांची. त्यांच्या मनानं एक गोळीसुद्धा देता येत नाही त्यांना."

"आणि सिस्टर, तुम्ही?"

"मी नर्स प्रॅक्टिशनर. नर्सिंगची चार वर्षं, मग आयसीयूत नोकरी, मग परत दोन वर्षं शिकले. ऑपरेशन झालेला पेशंट बाहेर आला की माझ्या हातात असतो. नेमून दिलेल्या हद्दीत त्याचं श्वासाचं यंत्र, त्याचा डोस मी कमीजास्त करते." त्यांनी सुजयकडं मान वळवली. "बघा आता. तो पुरुष आहे आणि अंगात कोट आहे, म्हणून आल्यागेल्याचा डॉक्टर. दिवसभर नाही नाही म्हणत फिरतो बिचारा. आणि मला इतक्या वर्षांत एकानंसुद्धा चुकून म्हटलं नाही."

तेवढ्यात म्हातारीचा आवाज आला, "डाक्टर, माझं धडधडणं गेलं म्हणायचं का रं?"

सुजय तिच्यापुढं वाकला. "आजी, मी डॉक्टर नाही. डॉक्टर बेलवलकर सर आहेत, ते आता येतील. मी त्यांचा असिस्टंट."

"असू दे रं देवा. हात तर तुझाच हाय की."

सिस्टर माझ्याकडं बघून हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. या पोराला एका परक्या म्हातारीला न विचारता खरं सांगता येतं. मग आमच्या घरात डॉक्टर डॉक्टर म्हणून ओवाळून घेताना याची जीभ कुठं गेली होती? एका गाडीत तिकीट काढणारा आणि दुसऱ्या गाडीत न काढणारा प्रवासी सगळ्यात बेरकी. पंधरा-वीस वर्षं नोकरी झाल्यावर मला असले ओळखायला यायला लागले होते.

सुजयनं मला बघितलंच. घाईनं माझ्याकडं आला.

"मामा, तुम्ही इथं? कुणाला बरं नाही का?"

"तेच विचारायला आलोय."

तो सिस्टरना काहीतरी सांगून मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेला. चहा आला. त्यानं घेतला नाही, मीही घेतला नाही.

"तुम्ही डॉक्टर नाही," मी म्हणालो.

"नाही."

"मग आमच्या घरी का नाही बोललात?"

"बोललो की. पहिल्याच दिवशी." त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं, पण आश्चर्य मी खूप बघितलेलं आहे. "चहापोहे झाल्यावर रेवतीचे बाबा मला दुकान दाखवायला घेऊन गेले. तिथं मी सगळं सांगितलं. डिग्री काय, काम काय, पगार किती, काय करता येतं आणि काय नाही. त्यांनी उलट मलाच विचारलं, ऑपरेशन झाल्यावर शिलाई कोण घालतं. मी म्हटलं, पायाची मी घालतो, छातीच्या आतली सर. मग म्हणाले, टाका कसला असतो, दाखवा. मी त्यांच्याच सुईदोऱ्यानं एका चिंधीवर घालून दाखवला."

"त्या वेळी दुकानात कोण होतं?"

"आम्ही दोघंच."

"मग साखरपुड्यात सगळे डॉक्टर म्हणत होते तेव्हा?"

त्यानं मान खाली घातली. "मी बाबांकडं बघितलं. त्यांनी नजर चुकवली. चार लोकांत सासऱ्यांना खोटं पाडायचं कसं, मामा? मला वाटलं, घरच्यांना माहीत आहे, बाहेरचे म्हणतात, तर म्हणू देत. पण मला ते आवडलेलं नाही. आमच्यातल्या एकानं गेल्या वर्षी गावाकडं नावामागं डॉ. लावून पाटी टांगली. कुणीतरी तक्रार केली. नोकरी गेली, नाव गेलं, परत कुणी उभं केलं नाही. मी कुठंही ते अक्षर लावत नाही."

मी उठलो. एस.टी.त विनातिकीट सापडलेला माणूस एक गोष्ट हमखास सांगतो. साहेब, मी पैसे कंडक्टरला दिले होते, त्यानंच तिकीट दिलं नाही. बहुतेक वेळा ते खोटं असतं. पण काही वेळा खरं असतं, आणि तेव्हा चोर सीटवर नसतो, दारात घंटीच्या दोरीजवळ उभा असतो. म्हणून असं कुणी म्हणालं की मी पावती फाडायच्या आधी कंडक्टरचा चेहरा बघून घ्यायचो. मी तडक कागलची गाडी धरली.

दाजी दुकानात कापड बेतत होते. मी आत शिरल्याबरोबर नजर फिरवली. मशीनखाली, टेबलाखाली, कोपऱ्यातल्या पोत्यात, सगळीकडं चिंध्याच चिंध्या. त्यातून एक शोधायची म्हणजे अवघडच.

"काय हरवलंय काय?" दाजींनी विचारलं.

"दाजी, सुजयनं तुम्हाला टाका घालून दाखवला होता म्हणे, चिंधीवर."

कात्री थांबली. मग पुन्हा चालली.

"कसला टाका? चाळीस वर्षं टाके घालतोय मी. दुसऱ्याचे कशाला बघत बसू?"

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं म्हणतात. डॉक्टर नाही म्हणून."

"कुणी? सुजयनं? तू कुठं गेलतास?"

मी दवाखान्यात गेलो होतो, ते सगळं सांगितलं. पाटी, सिस्टर, म्हातारी. दाजी स्टुलावर बसले. मला वाटलं होतं, ते भडकतील, शिव्या देतील, निदान हादरतील तरी. ते नुसते कापडाकडं बघत बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे आपल्याला फसवलं म्हणायचं."

म्हणायचं. हा शब्द मला खटकला. पण तेवढ्यावर माणसाला खोटं ठरवता येत नाही, आणि हे तर माझ्या बहिणीचे यजमान. दोघांत एक जण खोटं बोलतोय एवढंच मला कळलं होतं, कोण ते कळत नव्हतं. सुजय असेल तर लग्न मोडायला हवं होतं. दाजी असतील तर काय करायला हवं होतं, ते मला सुचत नव्हतं.

फळीवर लग्नपत्रिकांचे गठ्ठे ठेवले होते. वरची एक मी उचलली. गणपती, कुलदेवता, आणि मग ठळक सोनेरी अक्षरांत: चि. डॉ. सुजय.

"या वाटल्यात?"

"थोड्या गेल्या. देवीनंतर पहिली तात्याला दिली. कराडला व्याह्यांकडं गठ्ठा पाठवलाय काल."

कराडचा गठ्ठा पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सुजय आणि त्याचे वडील वसंतराव कागलात दाजींच्या घरी हजर झाले. मी आदल्या रात्री आक्काकडं मुक्कामालाच होतो. माझी बहीण आक्का दारात पाणी घेऊन गेली, तर वसंतरावांनी तांब्या हातात घेतला नाही.

ते सोफ्याच्या कडेला बसले. प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आवाज चढवायची सवय नव्हती. पत्रिका समोर ठेवून त्यांनी विचारलं, "हे अक्षर कुणी घातलं?"

"आम्हाला जे सांगितलं ते छापलं," दाजी म्हणाले.

सुजय दाजींना म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला दुकानात स्वतः..."

"कुणी साक्षीला होतं?" दाजींनी विचारलं.

सुजयचा चेहरा उतरला. मी दाजींकडं बघत होतो, पण ते माझ्याकडं बघत नव्हते.

"उद्या ही पत्रिका कुणी दवाखान्यात नेऊन दिली तर माझी नोकरी जाईल," सुजय म्हणाला. "खोटी पदवी लावली म्हणून. मी लावलेली नाही हे तिथं कोण ऐकून घेईल?"

"मग आमच्या पोरीचं काय?" दाजींचा आवाज वर गेला. "गावात काय सांगू मी? आमची फसवणूक झालीय. माझ्याकडं माणूस हाय. निवृत्ती, तू दवाखान्यात जाऊन आलास नव्हं? तूच सांग. पाटीवर नाव होतं का न्हाई?"

सगळे माझ्याकडं वळले. तेव्हा मला कळलं की माझी चौकशी दाजींनी कशी वळवून घेतली होती. मी नुसतं नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आमच्या नात्यात माझ्या शब्दाला किंमत होती, निवृत्ती बोंगाळे म्हणाला म्हणजे तपासूनच म्हणाला असणार. लग्न मोडलं असतं, दोष माळवद्यांवर गेला असता, आणि दाजींना कुणी काही विचारलं नसतं.

"पाटीवर नाव नव्हतं," मी म्हणालो. "पाटी डॉक्टरांची आहे, आणि हे डॉक्टर नाहीत. एका म्हातारीनं यांना डॉक्टर म्हटलं, तर यांनी तिला न विचारता सांगितलं, मी डॉक्टर नाही म्हणून. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मी विचारलं तेव्हा मलाही एका शब्दात सांगितलं. तुम्हाला दुकानात सांगितलं की नाही, ते मी बघितलेलं नाही. जे बघितलं नाही त्याची पावती मी फाडत नाही."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग होता, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. मला त्यांची दया आली, आणि त्याचाच मला राग आला.

स्वयंपाकघराच्या दारातून रेवती पुढं आली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "यांनी पहिल्या फोनवरच सांगितलं होतं. मी पण आधीचं ठरलेलं मोडलं ते पहिल्या फोनवर सांगितलं."

"मग तू काही बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"मला वाटलं, बाबांना माहीत आहे, लोक आपले म्हणतात. नंतर बाबा स्वतःच म्हणायला लागले तेव्हा..." ती थांबली. "मामा, वर्षभर बाबा मागच्या गल्लीनं दुकानात जात होते. साखरपुड्यापासून समोरच्या रस्त्यानं जायला लागले. मला त्यांना परत मागच्या गल्लीनं पाठवायचं नव्हतं."

वसंतराव उठले. "पोरीबद्दल आमचं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण जिथं खऱ्याला साक्षीदार लागतो तिथं आम्हाला बसवत नाही. चल, सुजय."

सुजय उठला नाही. तो रेवतीकडं बघत होता. वसंतराव दारापर्यंत गेले.

आणि तेव्हा आतापर्यंत एक शब्द न बोललेली आक्का देवघरात गेली. बाहेर आली ती कुंकवाचा करंडा, पाण्याची वाटी आणि पत्रिकांचा गठ्ठा घेऊन. वाटायच्या पत्रिकांना हळदकुंकू लावतात, ते काम तिनं आज दुपारसाठी ठेवलेलंच होतं. ती खाली बसली. बोट कुंकवात बुडवलं, पहिली पत्रिका उघडली, आणि कोपऱ्यावर न लावता बरोबर त्या अक्षरावर टेकवलं. चि. आणि सुजय यांच्यामध्ये एक लाल ठिपका राहिला.

"नवीन छापायच्या न्हाईत," ती म्हणाली. "या देवाम्होरं ठेवून झाल्यात, टाकून द्यायच्या न्हाईत. व्याही, तुम्ही बसा. तुमच्या गठ्ठ्याला पण लावून देते."

"आणि देवीला वाहिलेली?" मी विचारलं. पहिली पत्रिका आक्कानं स्वतः अंबाबाईच्या पायावर ठेवली होती.

"ती राहू दे. अंबाबाईला ठाऊक हाय, कोण काय करतंय ते."

वसंतराव दारातच हसले, अगदी नकळत. मग परत येऊन बसले आणि तांब्यातलं पाणी प्याले. रेवती आईशेजारी बसून पत्रिका उघडून द्यायला लागली.

आक्कानं हात न थांबवता, नवऱ्याकडं न बघता विचारलं, "आणि ज्या वाटल्या त्यांचं?"

दाजींनी गठ्ठ्यातली एक पत्रिका उचलून पुन्हा खाली ठेवली.

"त्या तुम्ही लावून यायचं," आक्का म्हणाली. "घरोघरी. निवृत्ती जाईल संगट."

रविवारी आम्ही निघालो. दाजींच्या हातात करंडा, माझ्या हातात काही नाही. मला बरोबर कशाला दिलंय ते दोघांनाही माहीत होतं. पहिल्या घरी दाजी म्हणाले, "अहो, गडबडीत कुंकू लावायचं राहिलं होतं पत्रिकेला. अपशकुन नको म्हणून आलो." पत्रिका मागून घेतली, ठिपका टेकवला, चहा नको म्हणाले, बाहेर पडले. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. लोक कौतुक करत होते, देवाधर्माला केवढा जपणारा माणूस म्हणून. मी मनात म्हटलं, वा दाजी. खोटं पुसायलासुद्धा खोटंच वापरताय. पण आक्कानं कुंकू लावून या एवढंच सांगितलं होतं, आणि कुंकू तर लागत होतं. मला पकडायला जागा नव्हती.

शेवटचं घर तात्यांचं. तात्या झोपाळ्यावर बसले होते. पत्रिका त्यांनी शोकेसमध्ये, पुण्याच्या जावयाच्या फोटोशेजारी उभी करून ठेवली होती. दाजींनी ती काढली, तेच वाक्य म्हटलं आणि ठिपका लावला.

तात्यांनी चष्मा चढवून बघितलं.

"रंगा, हे काय? नेमकं अक्षरावरच लावलंस की."

दाजींनी मान वळवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी जन्मभर बघितलेली ती मान होती. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती आणि भिंतीवर शेणी थापल्या होत्या. मी वाट बघत राहिलो. आता हात हलला म्हणतील, चष्मा विसरला म्हणतील. तात्यांसमोर, सगळ्या जगात फक्त तात्यांसमोर, दाजी खरं बोलायचे नाहीत, अशी माझी खात्री होती.

दाजींनी मान परत वळवली.

"तात्या, ते अक्षर चुकीचं हाय. मीच छापखान्यात सांगून घातलं होतं. जावई डॉक्टर न्हाईत."

झोपाळा थांबला. "डॉक्टर न्हाईत? मग करतात काय जावई?"

"फिजिशियन असिस्टंट हाईत. बारावीनंतर चार वर्षं शिकलेत. पेशंटला आधी तेच तपासतात, मग मोठ्या डॉक्टरांना सांगतात. स्वतःच्या मनानं औषध देत न्हाईत, दिलं तर गुन्हा हाय. ऑपरेशनला पायातली शीर तेच काढतात. पायाची शिलाई ते घालतात, छातीच्या आतली सर."

मी दाजींकडं बघतच राहिलो. पायाची मी घालतो, छातीच्या आतली सर. कॅन्टीनमधलं वाक्य, जसंच्या तसं. हे मी दाजींना सांगितलं नव्हतं. बैठकीतही कुणी बोललं नव्हतं.

तात्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बोलायचं तयार होत होतं. दाजींनी त्यांना वेळच दिला नाही. सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली, आणि चष्म्याखालून बोटभर पांढरी चिंधी बाहेर काढली. मधोमध कापलेली आणि परत शिवलेली.

"हा त्यांचा टाका," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता, दुकानात चांगलं कापड हातात आलं की बदलायचा तसा. "माझ्याच सुईनं घातलाय. दोरा आतून नेलाय सगळा, वरून काय दिसतंय का बघ. आमची तुरपाई एवढी बारीक, तरी उलट्या बाजूनं कळती. ह्यांची न्हाई कळत. चाळीस वर्षांत असा टाका मला जमला न्हाई, तात्या. पोराचं वय तरी काय."

तात्यांनी चिंधी घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग काही न बोलता माझ्याकडं दिली.

म्हणजे त्या पहिल्या दिवसापासून ती दाजींच्या खिशात होती. मी दुकानात पोत्यांवर नजर फिरवत होतो तेव्हाही, बैठकीत त्यांनी साक्षीदार कोण म्हणून विचारलं तेव्हाही. टाकून देता आली असती. टाकली नव्हती. मला एकदम भरून आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी चिंधी घेऊन खिडकीपाशी गेलो. उजेडासमोर धरून बघितली, उलटी केली, नख शिवणीवरून फिरवून बघितलं. दोरा कुठं सापडला नाही.

"निवृत्ती," मागून दाजी म्हणाले, "तपासून झालं असलं तर दे हिकडं."

मी दिली. त्यांनी ती घडीवर घडी घालून पुन्हा डबीत ठेवली, वर चष्मा ठेवला, आणि तात्यांच्या बायकोनं आणलेला चहा घ्यायला आम्ही दोघंही बसलो.